वेळापत्रकाच्या भरवशावर
स्वित्झर्लंडची दैनंदिनी : लेखांक पहिला

दिवस पहिला : झ्युरिक – बर्न – इंटरलाकेन

मुंबईहून रात्री सुटणारं थेट विमान सकाळी झ्युरिकला उतरतं, आणि विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. तिथून बर्नमार्गे इंटरलाकेन हा आजचा मार्ग. आपल्याकडे युरोप म्हटलं की ग्रुप टूर, टूर मॅनेजर आणि हॉटेलच्या दारात उभी असलेली मोठी बस असं गणित पक्कं झालेलं आहे. त्यामुळे स्वतःच्या बळावर आगगाडीने फिरणाऱ्याला लोक एक तर धाडसी समजतात नाही तर चिकट. मला वाटतं, निदान या देशात तरी दोन्ही विशेषणं चुकीची आहेत. टूर कंपनी आपल्याला जी निश्चिंती विकते, ती स्वित्झर्लंडने आपल्या वेळापत्रकातच घालून ठेवली आहे; आणि ती तिथे आहे म्हणूनच प्रवाशाला सकाळी उठून कालचा बेत मोडता येतो. ही मोकळीक प्रवाशाच्या हिमतीतून येत नाही, ती सार्वजनिक व्यवस्थेतून येते.

पुरावा द्यायचा तर १९८२ पासून सुरुवात करावी लागेल. त्या वर्षी २३ मे रोजी स्विस रेल्वेने देशभर ठरावीक अंतराचं वेळापत्रक लागू केलं : प्रत्येक मुख्य मार्गावर दर तासाला, दर वेळी त्याच मिनिटाला गाडी. नंतर १९८७ च्या डिसेंबरात 'बान २०००' या योजनेवर सार्वमत झालं आणि लोकांनी तिच्या बाजूने कौल दिला. योजनेचं सूत्र विचार करण्यासारखं होतं. गाडी शक्य तितकी वेगवान करायची नाही, गरजेपुरतीच करायची. झ्युरिक, बर्न, बाझेल अशा जंक्शनांवर सगळीकडच्या गाड्या तासाच्या ठोक्याच्या किंवा अर्ध्या तासाच्या जरा आधी पोचल्या आणि जरा नंतर सुटल्या, तर कुठूनही कुठेही जाणाऱ्याला काही मिनिटांत पुढची गाडी मिळते. यासाठी दोन जंक्शनांमधला प्रवास तासाच्या आत बसायला हवा, आणि झ्युरिक–बर्न अंतराला तासाहून थोडा जास्तच वेळ लागत होता. म्हणून सुमारे ४५ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला आणि २००४ च्या डिसेंबरपासून तो प्रवास ५६ मिनिटांवर आला. ती वाचलेली मिनिटं झ्युरिक–बर्न करणाऱ्याला फारशी जाणवणारही नाहीत. त्यांचा फायदा बर्नला उतरून तिसऱ्याच गावाची गाडी पकडणाऱ्याला झाला. म्हणजे तुम्हाआम्हाला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : गाडी चुकली तर? 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' हा १९९५ चा चित्रपट याच देशात गाडी चुकण्यावर उभा आहे, आणि मराठी घरांतल्या स्वित्झर्लंडच्या चित्रात त्या चित्रपटाचा वाटा मोठा आहे. पण दर तासाला गाडी सुटणाऱ्या देशात ती कथा रचायला पटकथाकाराला चांगलीच खटपट करावी लागली असणार. साधं तिकीट किंवा पास विशिष्ट गाडीला बांधलेला नसतो. देशांतर्गत नेहमीच्या गाड्यांना आरक्षण लागत नाही. एक गेली, की दुसरीत बसायचं. उशीर होतो का? होतो. पण इथे तीन मिनिटांच्या पुढे गेलं की उशीर मोजतात, आणि तरी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रवासी वेळेवर पोचतात. जर्मनीतून येणारी गाडी फार रखडली तर तिला बाझेललाच थांबवतात, पुढचा प्रवास स्विस गाडीने करायचा. शेजाऱ्याचा उशीर देशभर पसरू द्यायचा नाही, एवढा हा कडकपणा आहे.

दिवस दुसरा : लाउटरब्रुनेन आणि म्युरेन

इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवरून डोंगरात जाणारी गाडी त्स्वायल्युत्शिनेनला दुभंगते. अर्धे डबे ग्रिंडेलवाल्डला जातात, अर्धे लाउटरब्रुनेनला, म्हणून बसताना डब्यावरची पाटी वाचायची. या प्रवासात नवख्याला खरी चूक करायची संधी मिळते ती एवढीच, आणि तीही पुढच्या गाडीने दुरुस्त होते.

लाउटरब्रुनेनची दरी दोन्ही बाजूंनी उभ्या कड्यांची आहे. गावाच्या माथ्यावरून जवळपास ३०० मीटर उंचीचा श्टाउबबाख धबधबा कोसळतो आणि खाली येईपर्यंत त्याचे तुषार होऊन जातात. सह्याद्रीचे पावसाळी धबधबे पाहिलेल्या माणसाला पाण्याचं अप्रूप वाटणार नाही, कड्याचं वाटेल. त्याच बाजूच्या कड्यावर म्युरेन हे मोटारी नसलेलं गाव आहे. तिथे केबल कारने ग्र्युत्शाल्पला आणि मग छोट्या रेल्वेने जायचं. स्विस ट्रॅव्हल पास तिथवर चालतो. टूरची बस म्युरेनला पोचूच शकत नाही. रस्त्याने चालणारी सहल रस्ता नेईल तेच दाखवते, ही तक्रार नव्हे, बसचा स्वभाव आहे.

पण या भागात स्वतंत्र प्रवासाचा खरा लाभ ढगांशी संबंधित आहे. युंगफ्राउयोख हे ३,४५४ मीटर उंचीवरचं रेल्वे स्टेशन. आडोल्फ गुयर-त्सेलर या उद्योगपतीने १८९६ मध्ये काम सुरू केलं, १८९९ मध्ये तो वारला आणि १९१२ मध्ये गाडी वर पोचली. नऊ किलोमीटरच्या मार्गातले सुमारे सात किलोमीटर आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून जातात. वर 'आलेच' नावाची हिमनदी दिसते, पण आकाश मोकळं असेल तरच. ढग असतील तर पांढऱ्या भिंतीकडे पाहायला भरपूर पैसे मोजावे लागतात, कारण पासवर वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डच्या पुढे फक्त पाव सूट आहे. वरच्या हवेचं चित्र कॅमेऱ्यातून खाली पडद्यावर सतत दिसत असतं, फोनवरही दिसतं. ग्रुप टूरला मात्र युंगफ्राउ ठरल्या दिवशीच करावं लागतं. चाळीस माणसांची तिकिटं, पुढच्या गावातल्या खोल्या आणि जेवण आधीच ठरलेलं असतं. टूर मॅनेजर कितीही चांगला असला तरी त्याला उद्यावर ढकलण्याची सोय नाही. स्वतःच्या जबाबदारीवर आलेल्याला आहे.

दिवस तिसरा : युंगफ्राउयोख

आकाश उघडलं तर वर, नाही तर थुनच्या तलावातली बोट. बोटीलाही तोच पास चालतो. याहून अधिक लिहिण्यासारखं नाही. वरच्या हिमाची वर्णनं मराठीत पुरेशी झाली आहेत.

दिवस चौथा : ब्र्युनिग घाटातून लुत्सर्न

इंटरलाकेनहून लुत्सर्नला जाणारी मीटरगेज गाडी ब्र्युनिग खिंडीतून जाते. चढणीवर दातेरी रुळाचा आधार घेते, खाली उतरली की पुन्हा साधी होते. ब्रिएन्झ तलावाचं हिरवट निळं पाणी बराच वेळ खिडकीत राहतं. याच वाटेवर पैशाचा आक्षेप विचारात घ्यावा, कारण तोच सर्वांत वजनदार आहे.

स्वित्झर्लंड महाग आहे, आणि ग्रुप टूर घाऊक दराने खोल्या घेते, हे दोन्ही खरं आहे. जोडप्याने हॉटेलात राहून, रोज दोन वेळा बाहेर जेवून हिशेब केला तर टूर अनेकदा स्वस्त पडते, आणि हे नाकारणारे लोक हिशेबात जेवण धरायला विसरतात. पण हिशेब माणसागणिक बदलतो. सोळा वर्षांखालची मुलं पासधारक आईवडिलांबरोबर फुकट प्रवास करतात. टूरमध्ये मुलांचे पैसे द्यावे लागतात. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली आणि मिग्रोस किंवा कोऑपमधून तांदूळ, भाजी, दही आणलं, तर शाकाहारी माणसाची सोय आणि खिसा दोन्ही सांभाळले जातात. उलट एकट्याने, महागड्या मोसमात, शहर बदलत फिरणाऱ्याने स्वस्ताईची आशा ठेवू नये. माझा मुद्दा स्वस्ताईचा नाहीच. टूरच्या पैशात जो वेळ विकत घेतला जातो त्यावर आपला हक्क किती, हा आहे.

ज्येष्ठांचं काय, हाही रास्त प्रश्न. बहुतेक मोठ्या स्टेशनांवर उतार आणि लिफ्ट आहेत, नवे डबे फलाटाच्या पातळीला आहेत, पण सामान स्वतःच वाहायचं असतं. ज्यांना एक बॅग दोन पायऱ्या चढवता येत नाही, त्यांच्यासाठी टूर बरी. नाही तर दोनच ठिकाणी मुक्काम करून तिथून रोज रिकाम्या हाताने फिरावं. देश ४१,२८५ चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाहूनही लहान, त्यामुळे हे सहज जमतं.

दिवस पाचवा : कूर – आल्प ग्र्युम – सेंट मॉरिट्झ

आज जाहिरातीतल्या गाड्यांबद्दल. बर्निना एक्स्प्रेस आणि ग्लेशियर एक्स्प्रेस या नावांभोवती एवढं वलय आहे, की त्यांचं आरक्षण मिळालं नाही तर सहल फुकट गेली असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात या वाटेवर ज्या रुळांवरून त्या धावतात, त्याच रुळांवरून रेटिशे बान या कंपनीच्या साध्या गाड्या दिवसभर जातात. २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं ते या मार्गाला, काचेच्या छताला नव्हे. फिलिझुरजवळचा ६५ मीटर उंच लांडवासर पूल वळत वळत थेट कड्यातल्या बोगद्यात घुसतो, तो साध्या डब्यातूनही तितकाच दिसतो. पुढे बर्निना मार्ग दातेरी रुळाशिवाय, दर हजार मीटरला ७० मीटरपर्यंतच्या चढाने २,२५३ मीटरवर पोचतो. काही जुन्या डब्यांच्या खिडक्या उघडतात, तर पॅनोरमा डब्यांच्या काचांत छायाचित्र घेताना आपलाच चेहरा येतो. शिवाय साध्या गाडीतून आल्प ग्र्युमला उतरून पाल्यु हिमनदीसमोर बसता येतं आणि पुढच्या गाडीने निघता येतं. नावाची गाडी या बाबतीत टूरच्या बससारखीच आहे : आसन आरामदायी, बेत दुसऱ्याचा.

दिवस सहावा : मालोयाचा घाट, पिवळी बस

सेंट मॉरिट्झच्या पश्चिमेला रेल्वे संपते आणि पोस्टबस सुरू होते. या पिवळ्या बसचा घोड्यांच्या टपालगाडीशी थेट संबंध. १९०६ मध्ये बर्नहून डेटलिगेनला पहिली मोटारबस धावली. घाटातल्या आंधळ्या वळणावर तिचा तीन सुरांचा भोंगा वाजतो. ते सूर रॉसिनीच्या 'विल्यम टेल' संगीतिकेतले आहेत. निळ्या पाटीवर पिवळं शिंग असलेल्या डोंगरी रस्त्यावर खासगी मोटारवाल्याने पोस्टबसच्या चालकाचं ऐकायचं, असा नियमच आहे. मालोया खिंड १,८१५ मीटरवर. तिथून रस्ता नागमोडी उतरत ब्रेगाल्या दरीत जातो. त्या दरीत रेल्वे नाही; शिल्पकार आल्बेर्तो जाकोमेत्तीचं बोर्गोनोवो गाव याच बसच्या वाटेवर आहे.

एवढ्या आडबाजूच्या दरीत नियमित बस परवडते कशी? परवडत नाही, म्हणूनच ती चालवतात. निदान शंभर कायम रहिवासी असलेल्या वस्तीला सार्वजनिक वाहतुकीने जोडायचं, अशी संघराज्याच्या मदतीची अट आहे. प्रादेशिक गाड्या-बसचा साधारण निम्मा खर्च तिकिटांतून निघतो, उरलेला संघराज्य आणि कँटन म्हणजे प्रांत उचलतात. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या आपल्या एसटीमागचा हेतू याहून वेगळा नव्हता. आपल्याला ही कल्पना परकी नाही; फरक पडला तो बस आणि रेल्वे एकमेकींची वाट पाहतात की नाही, यावर.

यावरून जगभर असंच फिरावं असं मी म्हणणार नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ पश्चिमेला, मॅलेगच्या मार्गावर, दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत. तिथे एक चुकली तर दिवस जातो आणि तिथे टूरची बस घेणारा शहाणाच म्हणावा. कुठे एकट्याने जायचं हे ठरवताना देशाची शोभा पाहू नये, त्याच्या गाड्यांची वारंवारता पाहावी.

पुढच्या लेखांकात लुगानो आणि गॉटहार्डचे दोन बोगदे. तोवर निघण्याच्या तयारीत असणाऱ्यांना एवढंच : नवं वेळापत्रक दर वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी लागू होतं, तेव्हा बेत त्यावर आखा, आणि युंगफ्राउचं तिकीट मुंबईतून काढू नका.