जोडी जमली पाहिजे

बालमित्रांनो,

शंकरपटात बैलांची जोडी कशी निवडतात, हे तुम्हांला मी काय सांगावे! एक बैल कितीही चपळ असो, जोडीदार बरोबरीचा नसेल तर धाव जमत नाही. संगणकातही अशीच जोडी असते, मदरबोर्ड आणि प्रोसेसरची. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. मदरबोर्ड म्हणजे ती मोठी पाटी, जिच्यावर मेंदू, रॅम आणि बाकीचे भाग जोडलेले असतात.

गेल्या पावसाळ्यात जवळच वीज पडली आणि आपल्या शाळेच्या संगणकाचा मदरबोर्ड जळला. कारागिराने तपासून सांगितले, "गुरुजी, प्रोसेसर शाबूत आहे. बोर्ड तेवढा बदला." शाळा व्यवस्थापन समितीने वर्गणी जमवली. कोणी तेंदूपत्त्याच्या मजुरीतून ५० रुपये दिले, कोणी मोहफुलाच्या पैशातून २०. तो पैसा घामाचा. एक रुपयाही वाया जाऊन चालणार नव्हते.

मी एस.टी.ने नागपूर गाठले. आपला प्रोसेसर इंटेलचा, आठव्या पिढीचा. ही पिढी २०१७ साली बाजारात आली. त्याच्या पोटाखाली ११५१ संपर्कबिंदू आहेत. तो ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात आणि तिच्यात तितक्याच बारीक पिना असतात. एका दुकानदाराने स्वस्तातला जुना एच-११० बोर्ड पुढे केला. म्हणाला, "घेऊन जा ना गुरुजी, यातही ११५१च आहे. बसते म्हणजे चालते!"

बसतो खरा, पण चालत नाही. एच-११० हा सहाव्या-सातव्या पिढीचा बोर्ड. आठव्या पिढीसाठी इंटेलने आकडा तोच ठेवला, पण काही पिनांची कामे बदलली. तिला ३०० मालिकेतला चिपसेट लागतो. मी फोनवर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची यादी उघडली. तिच्यात आपल्या प्रोसेसरचे नाव नव्हते. दुसऱ्या दुकानात एच-३१० बोर्ड मिळाला. थोडा महाग, पण त्याच्या यादीत नाव होते. आपली जुनी डीडीआर-४ रॅमही त्यात बसली.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा :

१) सॉकेट एकच हवे.
२) नुसत्या आकड्यावर जाऊ नका. चिपसेट पाहा, कंपनीची यादी पाहा.
३) काही बोर्डांचे बायोस नवे केल्याशिवाय ते नंतरचा प्रोसेसर ओळखत नाहीत. हे आधीच विचारा.
४) रॅमची जात पाहा. डीडीआर-४च्या खाचेत डीडीआर-५ बसत नाही.

आणि प्रोसेसर बसवताना कोपऱ्यावरची त्रिकोणी खूण जुळवा. जोर लावू नका, पिना वाकतात.

आपल्या गावाहून नागपूर लांब. चुकीची वस्तू बदलायला पुन्हा भाडे आणि पुन्हा एक दिवस जातो. म्हणून निघण्याआधी आपल्या प्रोसेसरचे पूर्ण नाव कागदावर लिहून घ्यावे. दुकानदार कितीही "चालते" म्हणो, यादी पाहिल्याशिवाय पैशाची गाठ सोडू नये. विचारण्यात कमीपणा नाही.

— तुमचे गुरुजी