एकच हात

ओमती, जबलपूर

ती. काकांस,


फोंड्याहून पाठवलेलं तुमचं पत्र पोचलं. ग्वाम बेटावरचे लोक दर चार वर्षांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी मत देतात आणि ते मत कुठेच धरलं जात नाही, याची तुम्ही मनसोक्त टिंगल केली आहे. १९८० पासून तिथे असा कौल घेतला जातो हे खरं. तिथले रहिवासी अमेरिकेचे नागरिक आहेत, पण अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकगणात त्या बेटाचा एकही प्रतिनिधी नाही, हेही खरं. मात्र पुढे तुम्ही लिहिता की आपल्याकडे असला पोरखेळ नव्हता. गोवा केंद्रशासित होता तेव्हाही आपले दोन खासदार राष्ट्रपतीला मत देतच होते, मग गोव्याचं बिघडलं काय? तुमच्या पत्रातला हा भाग मला पटला नाही.

गोव्याची विधानसभा १९६३ च्या डिसेंबरात निवडून आली, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. तीस आमदार, रीतसर निवडलेले. १९६७ च्या १६ जानेवारीला जनमत कौल झाला. १,७२,१९१ लोकांनी केंद्रशासित राहावं म्हणून मत दिलं, १,३८,१७० जणांनी महाराष्ट्रात जावं म्हणून. त्याच वर्षी मे महिन्यात झाकीर हुसेन आणि सुब्बाराव यांच्यात राष्ट्रपतिपदाची लढत झाली. आपल्या प्रदेशाचं भवितव्य स्वतः मतपेटीतून ठरवणाऱ्या गोमंतकीयांच्या तीस आमदारांपैकी एकालाही त्या निवडणुकीत मत नव्हतं, कारण संविधानाच्या ५४ व्या कलमात संसदेच्या निवडून आलेल्या सदस्यांबरोबर फक्त राज्यांच्या विधानसभा होत्या, केंद्रशासित प्रदेशांच्या नव्हत्या. केंद्रशासित राहण्याच्या बाजूच्या ‘दोन पानां’वर शिक्का मारताना हे कुणाच्या मनात आलं असेल असं मी म्हणत नाही, आलं असतं तरी कौल बदलला नसता. पण १९६९, १९७४, १९८२ या निवडणुकाही तशाच गेल्या. १९८७ च्या ३० मे रोजी गोवा राज्य झालं आणि जुलैत, जेमतेम दीड महिन्याने, गोव्याचे आमदार राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतदार झाले. त्याच दिवशी दमण आणि दीव गोव्यापासून सुटले. त्यांचा त्या विधानसभेत एकेक आमदार होता, तोही गेला आणि विधानसभाच उरली नाही. गोव्याचा राज्यदिन साजरा करताना याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

यावर तुमचा पहिला आक्षेप आकड्यांचा असणार, आणि तो मजबूत आहे. आमदाराच्या मताचं मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून काढतात. महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, आमच्या मध्य प्रदेशाच्या आमदाराचं १३१, गोव्याच्या आमदाराचं २०. गोव्याची चाळीसजणांची सगळी विधानसभा मिळून ८०० होतात. खासदाराचं मत मात्र देशभर सारखं, २०२२ मध्ये ते ७०० होतं. म्हणजे पासष्ट हजारांच्या आत वस्ती असलेल्या लक्षद्वीपचा एकटा खासदार गोव्याच्या अख्ख्या विधानसभेच्या जवळपास जातो. वजनाचाच हिशेब करायचा तर विधानसभा नसलेल्या छोट्या प्रदेशांवर अन्याय नाही, उलट मेहेरबानी आहे. दमण-दीवला आमदार गमावून स्वतःचा खासदार मिळाला, तेव्हा तो प्रदेशही वजनात फायद्यातच राहिला. आणि गोव्याची विधानसभा त्या काळी मतदानात असती तरी निकाल हलला नसता. १९६९ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक गिरी जिंकले ते १४,६५० मतमूल्याच्या फरकाने. सव्वासहा लाख वस्तीच्या गोवा-दमण-दीवच्या आमदारांची मतं सहाशेच्या आसपास भरली असती.

हे सगळं मान्य करूनही मला वाटतं की भाग घेणं म्हणजे नुसतं वजन नव्हे. मत किती हातांतून जातं यालाही किंमत आहे. या निवडणुकीत पक्षादेश चालत नाही, मतदान गुप्त असतं, आमदार-खासदार पक्षाची रेघ ओलांडून मत देतात आणि दर वेळी ते दिसतंच. चाळीस आमदार असले की त्यांत सत्ताधारी असतात, विरोधक असतात, एखादा हट्टी अपक्ष असतो; प्रदेशातला मतभेद मतपेटीपर्यंत पोचतो. एकच खासदार असला की ज्यांनी त्याला मत दिलं नाही त्यांचं काहीच पोचत नाही. शिवाय तो हातही कधीकधी नसतो. २०२३ च्या जानेवारीत लक्षद्वीपचे खासदार शिक्षेमुळे अपात्र ठरले आणि मार्चअखेरीस त्यांचं सदस्यत्व परत आलं. त्या अडीच महिन्यांत राष्ट्रपतीची निवडणूक आली असती तर ती बेटं सोडून पार पडली असती आणि कायदेशीरही ठरली असती. या कायदेशीरपणाचं मूळ आमच्या जुन्या प्रांतापर्यंत जातं. १९५७ साली हिमाचल प्रदेशात आणि पंजाबातल्या काही मतदारसंघांत निवडणूक व्हायची होती, तरी राष्ट्रपतीची निवडणूक घेतली जात होती. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते डॉ. नारायण भास्कर खरे, म्हणजे नागपूर-जबलपूर एका प्रांतात होते तेव्हाचे मुख्यमंत्री. निवडणूक पुरी होण्याआधी हा वाद ऐकता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पुढे १९६१ मध्ये अकराव्या घटनादुरुस्तीने संसदेने वाटच बंद केली: निर्वाचकगणात जागा रिकामी आहे या कारणावरून निवडणुकीला आव्हान देता येत नाही. व्यवहार म्हणून ते बरोबरच आहे. नाहीतर १९७४ मध्ये गुजरातची विधानसभा विसर्जित होती म्हणून निवडणूक अडून बसली असती. पण एकशे अडुसष्ट आमदारांच्या राज्याची विधानसभा नसली तरी त्याचे खासदार असतात. एका खासदाराच्या प्रदेशात जागा रिकामी झाली की सगळंच रिकामं.

ग्वामचं नेमकं उलटं आहे. तिथे हात हजारो, वजन शून्य. अमेरिकेतही सगळ्या बिगरराज्य भागांना एकच न्याय नाही: वॉशिंग्टन शहराला १९६१ च्या घटनादुरुस्तीने तीन निर्वाचक मिळाले, प्युर्टो रिकोला पक्षाचा उमेदवार ठरवण्यात वाटा आहे पण शेवटच्या मतदानात नाही. तुम्ही ग्वामला हसलात, मला मात्र त्या कौलात एक शहाणपण दिसतं. मोजलं जाणार नाही हे माहीत असूनही तिथले लोक आपला कल नोंदवून ठेवतात. १९६७ च्या गोव्यात तीस आमदारांचा कल काय होता, याची नोंदसुद्धा नाही.

राष्ट्रपती नामधारी, मग एवढा आटापिटा कशाला, असंही तुम्ही म्हणाल. राज्यांच्या बाबतीत हे एकवेळ चालेल. केंद्रशासित प्रदेशांचा कारभार मात्र २३९ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपती प्रशासकामार्फत चालवतात. अंदमान, लक्षद्वीप, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांच्यासाठी त्यांना २४० व्या कलमाखाली विनियम करता येतात, आणि अशा विनियमाने संसदेचा कायदाही त्या प्रदेशापुरता बदलता येतो. हे सगळं मंत्रिमंडळच करतं, ठाऊक आहे. पण मंत्रिमंडळाला जाब विचारायला लक्षद्वीप किंवा अंदमानचा तोच एक खासदार, आणि राष्ट्रपती निवडायलाही तोच.

विधानसभा नसलेल्या प्रदेशांना लगेच आमदार द्या, असं माझं म्हणणं नाही. लक्षद्वीपला विधानसभा हवीच का, हा वेगळा प्रश्न आहे. माझी मागणी लहान आहे. जिथे निवडून आलेली विधानसभा आहे, ती आपोआप निर्वाचकगणात असावी. १९९२ च्या सत्तराव्या घटनादुरुस्तीने हे अर्धंच केलं. ५४ व्या कलमाला स्पष्टीकरण जोडून दिल्ली आणि पुदुच्चेरी ही दोन नावं घातली आणि १९९७ च्या निवडणुकीत त्यांच्या आमदारांनी मत दिलं. केंद्रशासित विधानसभा संसदेच्या साध्या कायद्याने येते-जाते, तिला राष्ट्रपती निवडायला कसं बसवायचं, असा युक्तिवाद होतो. पण २०१९ मध्ये संसदेने कायदा करून जम्मू-काश्मीर या राज्याचेच दोन केंद्रशासित प्रदेश केले. तेव्हा राज्याची विधानसभा फार पक्क्या पायावर आहे असंही नाही. जम्मू-काश्मीरची विधानसभा नसल्यामुळेच खासदाराच्या मताचं मूल्य २०१७ च्या ७०८ वरून २०२२ मध्ये ७०० वर आलं, म्हणजे श्रीनगरच्या रिकाम्या सभागृहाने तुमच्या गोव्याच्या खासदारांचंही मत हलकं केलं. तिथे २०२४ मध्ये नव्वद आमदार निवडून आले. ५४ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात नावं मात्र अजून दोनच आहेत, आणि पुढची निवडणूक २०२७ मध्ये आहे. तुमच्या ओळखीच्या वकिलांना याबद्दल विचारून त्यांचं मत मला कळवाल का?

काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी