जीव घाबरा होतो, म्हणजे नेमकं काय होतं?

आमच्या नालासोपाऱ्यात ‘मला चिंताविकार झालाय’ असं कुणी म्हणत नाही. ‘जीव घाबरा होतो’, ‘छातीत धडधडतं’, ‘हातपाय गार पडतात’, ‘घबराहट होते’ असं म्हणतात. तक्रार शरीराची, म्हणून उपायही शरीराचेच. आधी लिंबू सरबत, मग डॉक्टर, मग ईसीजी. ईसीजी नॉर्मल आला की ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’. घरात कुणी म्हणतं, नजर लागली असेल, दम केलेलं पाणी द्या. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण धडधड तशीच राहते आणि त्या बाईवर ‘नाटकं करते’ असा शिक्का मात्र बसतो.

माझ्या शेजारच्या आपांचं असंच झालं. त्यांच्या परवानगीनेच लिहितेय. त्या रोज सकाळी लोकलने अंधेरीला नोकरीला जायच्या. एकदा नायगाव सुटल्यावर खाडीपुलावर त्यांना अचानक श्वास पुरेना, घाम फुटला, आता आपण मरणार असं वाटलं. दहा-पंधरा मिनिटांत ओसरलंही. तपासण्या झाल्या, हृदय ठीक होतं. नंतर त्या फास्ट सोडून स्लो गाडीने जाऊ लागल्या, मग फक्त दारापाशी उभ्या राहू लागल्या, मग कुणी सोबत असेल तरच निघू लागल्या. वर्षभरात नोकरी सुटली. घरच्यांनी कारण दिलं, ‘लोकलची गर्दी झेपत नाही.’ विरारच्या गर्दीचं कारण कुणालाही पटतं, म्हणून कुणी पुढे विचारलंच नाही.

गर्दीचा वैताग सगळ्यांनाच येतो. परीक्षा, घराचे हप्ते, मुलीचं लग्न यांची काळजी वाटणं हा आजार नव्हे. मग फरक कसा ओळखायचा? काळजी बहुतेक दिवस, सहा महिने किंवा अधिक काळ चालू आहे. मन आवरू म्हटलं तरी आवरत नाही. सोबत बेचैनी, लवकर थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, मान-खांदे आखडणं, झोप उडणं आहे, तर तो सततच्या चिंतेचा विकार असू शकतो. भीतीचा झटका वेगळा: काही मिनिटांत शिगेला जातो. पुन्हा येईल या धास्तीने माणूस जागा आणि कामं टाळू लागला, तर ती मोठी खूण. छातीत दुखणं मात्र दर वेळी मनाचं समजू नये. हृदय, थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन आधी तपासून घ्यावं.

आपल्याकडे आणखी एक प्रकार दिसतो, जो धार्मिकतेत लपून जातो. वुजू झाला की नाही या शंकेने तो पुन्हा पुन्हा करणं, नमाजची नियत दहादा बांधणं. लोक म्हणतात, किती परहेजगार! त्या माणसाचा मात्र छळ चाललेला असतो. आपण त्याला वसवसा म्हणतो. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. आता त्याची गणना वेगळी होते, पण चिंतेशी त्याचं नातं जवळचं आहे. आणि आपल्या परंपरेला हे नवीन नाही. बल्खचे अबू झैद अल-बल्खी (निधन 934) यांनी ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ या ग्रंथात राग, दुःख, भीती आणि वसवसा यांचा वेगवेगळा विचार केला. शरीर आजारी पडतं तसं मनही पडतं, असं त्यांनी हजार वर्षांपूर्वी मांडलं.

म्हणून ‘तुझं ईमान कमजोर आहे’ हे वाक्य मला फार टोचतं. खुद्द पैगंबर (स.) चिंता आणि दुःखापासून अल्लाहकडे आसरा मागत, हे बुखारीच्या हदीसमध्ये आहे. चिंता ही ईमानाची परीक्षा-पत्रिका असती, तर ही दुआ कशाला असती? दुआ करावी आणि दवाही घ्यावी. उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण आपण मुलांना देतोच की.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 2019 मध्ये जगात सुमारे 30 कोटी लोकांना चिंताविकार होते, आणि उपचार मिळतात ते साधारण चारांतल्या एकाला. उपचार आहेत, म्हणून हे जास्त खटकतं. आपांना समुपदेशकाने एकदम अंधेरी गाठायला लावलं नाही. आधी नुसतं फलाटावर बसायचं, मग नालासोपारा ते वसई रोड एकच स्टेशन, मग नायगाव. खाडीपूल सर्वांत शेवटी. धडधड वाढली तरी उतरायचं नाही, ती आपोआप ओसरते हे शरीराला शिकवायचं. सोबत मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्याही दिल्या. अशा गोळ्या मनाने बंद करायच्या नसतात. रमजानमध्ये सहरी-इफ्तारच्या वेळा डॉक्टरांना विचारून बसवून घ्याव्यात. आपा आता भाईंदरपर्यंत जातात. अंधेरी अजून बाकी आहे.

दवाखान्यात जायचा संकोच वाटत असेल, तर ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली सरकारची टेली मानस सेवा आहे. 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. घरात कुणाचा जीव सारखा घाबरा होत असेल, तर ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणण्याऐवजी एवढंच विचारा: गेल्या काही महिन्यांत तू काय काय करायचं सोडलंस? उत्तराची यादी लांबत गेली, तर फोन लावायची वेळ झाली आहे.