लांब स्कर्टवाली पोरगी

'सुकेबान डेका' ही १९८५ ची जपानी मालिका मी पाहिली ती सबमिशनच्या रात्री, हॉस्टेलवर! शिंजी वादा यांच्या कॉमिक्सवर बेतलेली. नायिका साकी म्हणजे 'वाया गेलेली' शाळकरी पोरगी. आईची फाशी टळावी म्हणून ती पोलिसांसाठी काम करते. हत्यार काय, तर पोलादी यो-यो! (जालन्यात पोलादाला तोटा नाही, पण आपल्याकडे त्याच्या सळयाच होतात.)

खरी गंमत कपड्यांची. १९७० च्या दशकात तिकडच्या अशा मुली युनिफॉर्मचा स्कर्ट मुद्दाम लांब, पार घोट्यापर्यंत ठेवायच्या. तीच बंडखोरी! इकडे मी जीन्स घालून टपरीवर चहा प्यायले, तर घरी फोन, "पोरगी हाताबाहेर चाललीय."

आपल्या दूरदर्शनवर 'दामिनी' होती. प्रतीक्षा लोणकरची ती पत्रकार अन्यायाशी लढायची. आई अजून तिचं नाव काढते. पण ती मुळातच शहाणी! साकीला लढण्याआधी चांगली मुलगी व्हावं लागत नाही. म्हणून मला तीच जवळची.

सुट्टीत आईला सबटायटल्स वाचून दाखवत एक भाग दाखवला. म्हणाली, "पोरगी चांगलीय गं... पण अभ्यास कधी करते?"