मामांची एमजीबी विकली

लेस्टरच्या मामांनी त्यांची 1972 ची एमजीबी विकली. दोन सीटची, छप्पर दुमडणारी. तीस वर्षं ऊन-पावसात (पावसातच जास्त!) चालवलेली. घेणाऱ्याने इंजिन नंतर पाहिलं. आधी गुडघे टेकून दाराखालचा पत्रा ठोकून बघितला. उघड्या गाडीला छताचा आधार नसतो, सगळा भार खालच्या पत्र्यावर. तो गंजला की गाडी मधेच वाकते. कुठं ठिगळ आहे ते मामांनी स्वतःच दाखवलं. भाव उतरला. पण माणूस ती रोज कामावर नेणार म्हणाला, मामा खूश.

आता आपलं बघा. तिकडं 40 वर्षांवरच्या खासगी गाडीला रोड टॅक्स माफ, आणि रोज चालवायला मोकळीक. आपल्याकडं 2021 च्या नियमांनी 50 वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवली, नव्या नोंदणीचे 20 हजार भरले, की ती रोज चालवायचीच नाही! प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला जाणं, एवढंच. जपल्याचं हे बक्षीस? प्रदूषण म्हणाल, तर तालुक्यात अशा गाड्या किती? मी एकच पाहिलीय, आमच्या डॉक्टरांची स्टँडर्ड हेराल्ड. तीही विकायला निघालीय. बघायला येणारा पहिलं विचारतो, "भंगारात किती येतील?"