रफ

हिवाळ्यात चंदीगडचं ऊन दुपार कलली की भिंतींना कडेकडेनं लागतं. समोरून पडलेल्या उन्हात काँक्रीट नुसतंच करडं आणि मुकं असतं. पण तेच ऊन तिरपं झालं की त्या करडेपणावर लाकडाच्या रेषा उमटू लागतात, गाठी उमटतात, दोन फळ्यांच्या फटीतून ओघळून तिथंच थिजलेल्या सिमेंटची बारीक कड वर येते, आणि माझा हात आपोआप पुढे होतो. सेक्टर 17 च्या बाजारातले उंच खांब, एखाद्या सरकारी इमारतीचा जिना, कुठलीही भिंत चालते. तळहात टेकवायचा आणि सावकाश खाली ओढायचा. आधी गारवा, मग खरखर, मग बोटांच्या टोकांशी उरलेली झिणझिण. ती झिणझिण म्हणजे माझ्यापुरतं एक इंग्रजी विशेषण आहे. रफ.

तसा शब्द लहानपणापासून घरातलाच. वेंगुर्ल्याच्या शाळेत आमची रफ वही होती, मागच्या वर्षीच्या वह्यांतले कोरे कागद काढून दाभणानं शिवलेली, आणि तिला इंग्रजी नाव आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. खरं इंग्रजी आजोबांच्या फळीवर होतं, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत. त्यात शब्दाला शब्द असे, वाक्याला वाक्य. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि मध्ये पाठांतराचा घाट. किती पिढ्यांनी तो घाट चढला! मीही थोडासा चढले, आणि मग वडिलांना सेक्टर 30 मधल्या वैज्ञानिक उपकरणांच्या केंद्रीय संस्थेत नोकरी लागली. संस्था दिल्लीत 1959 साली निघाली आणि 1962 साली चंदीगडला आली. आम्ही आलो ते बऱ्याच नंतर, सत्तरच्या दशकात. दर्याच्या गाजेत वाढलेल्या मुलीला त्या सरळ, रुंद, गप्प रस्त्यांवर पहिले काही महिने नुसतं कानात दडे बसल्यागत झालं होतं.

इथल्या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडम शब्दाचा अर्थ सांगत नसत. विचारला तर हसत. शहरात 1963 साली निघालेल्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेत त्या शिकून आल्या होत्या. पंजाब, हरियाणा, हिमाचलातले शिक्षक तिथं इंग्रजी शिकवायचं कसं हे शिकायला जात, अजूनही जातात. तिथून काय घेऊन आल्या मला ठाऊक नाही, पण त्यांचा एक हट्ट होता : शब्द एकटा कधी बघायचा नाही, त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघायचं. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते असं फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं 1957 साली लिहिलं होतं, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. आणि वाचताना मॅडमच्या शालीचा नॅप्थलीनचा वास आला.

रफच्या दिवशी त्यांनी आम्हाला वर्गाबाहेर काढलं. व्हरांड्याच्या भिंतीपाशी ओळीनं उभं केलं, हात लावा म्हणाल्या. मग बाकाला. मग स्वतःच्या गालाला. मुली खुदखुदल्या. शब्द असा आधी कातडीतून आत गेला. मग वर्गात येऊन त्यांनी फळ्यावर त्याच्या शेजारी एकेक पाहुणा बसवायला घेतला. रफ हात. रफ रस्ता. रफ वही. रफ अंदाज. आणि मग, रफ सी.

वर्ग गप्प झाला. समुद्र कुणीच पाहिला नव्हता. पाण्याचा सगळ्यात मोठा विस्तार म्हणजे सुखना तलाव, आणि तो सकाळी इतका शांत असतो की शिवालिकच्या टेकड्या त्यात उलट्या उभ्या राहतात. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला जे इंग्रजी येत होतं त्यात, आणि जिथं येत नव्हतं तिथं हातांनी, मी आषाढातला दर्या सांगितला : मातकट पाणी, किनाऱ्यावर वर ओढून झापांनी शाकारलेल्या होड्या, रात्री अंथरुणात पडल्यावर उशीखालून येतोय असं वाटणारा तो घोष, बंदरावर जायला केलेली मनाई. सांगता सांगता माझाच आवाज चढला होता. सांगून संपलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, आता सांगा, या समुद्राचा उलटा समुद्र कुठला? कुणीतरी म्हणालं, शांत. आणि या भिंतीच्या उलट? गुळगुळीत. आणि रफ वहीच्या उलट? फेअर! आणि रफ अंदाजाच्या? नेमका. एकच शब्द, पण प्रत्येक ठिकाणी त्याच्यासमोर वेगळाच जण उभा. माणूसही असाच नाही का, भावाशी भांडताना एक आणि सासऱ्यापुढे दुसरा. विशेषण आलं, असं केव्हा म्हणावं? माझ्या मते, त्याच्या समोर कोण उभं आहे हे न विचारता कळू लागलं की. शब्दकोश तिथवर फार उशिरा पोचतो.

घरी बाबांचा रफ वेगळा होता. त्यांच्या कामात भिंगं होती. काचेचा तुकडा आधी जाडसर भुकटीनं घासायचा, त्याला ते रफ ग्राइंडिंग म्हणत. मग बारीक, मग आणखी बारीक भुकटी, आणि शेवटी पॉलिश, काच तिथं आहे की नाही हे कळू नये इतपत. त्यांच्या जगात रफ ही ओलांडून जायची पायरी होती. माझ्या वहीतही तेच : रफमधून फेअरमध्ये जायचं, आणि वर्ष संपलं की रफ वही रद्दीवाल्याकडे. म्हणूनच या शहराचा त्यांना मनातून राग असावा. एका रविवारी ते आम्हाला हायकोर्टाची इमारत बघायला घेऊन गेले. नेहरूंनी 1955 साली तिचं उद्घाटन केलं होतं. केवढे ते खांब, केवढं ते छत्रीसारखं वर उचललेलं छप्पर. बाबांनी भिंतीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, शटरिंग नीट बसलेलं नाही.

ते खोटं नव्हतं. मार्सेयला 1952 साली पुऱ्या झालेल्या इमारतीत काँक्रीटचं काम ओबडधोबड झालं, तेव्हा हायकोर्टाचा वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यानं ते गिलाव्याखाली दडवलं नाही. फळ्यांच्या खुणा, चुकलेले सांधे, सगळं तसंच दिसू दिलं, आणि ती कच्ची त्वचा घेऊन तो शिवालिकच्या पायथ्याशी आला. इथं ते काँक्रीट बायका डोक्यावरच्या घमेल्यांतून वाहून नेत होत्या, बांबूंच्या परांच्यांवर चढून, तान्ही मुलं खाली झोळीत टाकून. मासा, कासव, पान, हात अशा आकृत्या साच्यात ठेवून त्यानं ओल्या काँक्रीटवर मुद्दाम उठवल्या. पण न ठरवता उठलेलंच मला जास्त जवळचं वाटतं, ती फळी, ती गाठ, कुठल्या तरी देवदारात कधीकाळी जिथं फांदी फुटली होती ती जागा. इथं रफनंतर काहीच येणार नव्हतं. रफ हेच फेअर होतं. बाबांना हे मी कधी सांगितलं नाही. त्यांनी भिंगातून पाहिलेल्या जगात सांधा चुकला की ताराच दिसत नाही, मग त्यांचंही बरोबरच.

आणि बीजींचा हात. शेजारच्या बीजी फाळणीत लायलपूरहून आलेल्या. पंजाबची राजधानी लाहोर पलीकडे राहिली म्हणून तर हे शहर बांधायला काढलं, पण बीजी त्यावर कधी बोलत नसत, त्या मोहरीची भाजी घोटत असत. मला ताप आला आणि आई एकटी पडली की त्या येऊन कपाळावर हात ठेवत. काय हात तो! भेगाळलेला, कडांना कडक, राखेचा आणि पिठाचा वास असलेला. कपाळावरून फिरताना केसांत अडकायचा. माझ्या आईचा हात मऊ होता, पण झोप बीजींच्या हाताखाली लागायची. मॅडमनी फळ्यावर लिहिलेला रफ हात तो हाच, हे मला तापात कळलं, आणि त्याच्या समोर उलटा कोण उभा करायचा ते मात्र तेव्हाही सुचलं नाही, आजही सुचत नाही. गुळगुळीत? नव्हे. मऊ? छे.

राहता राहिलं रफचं क्रियाविशेषण, रफली. ते चंदीगडात शिकायची सोयच नव्हती. आठशे मीटर रुंद, बाराशे मीटर लांब असे सेक्टर, त्यांना नंबर, घरांना नंबर. अंदाजानं कुणी कुठं पोचत नसे, पोचायची गरजही नसे. मे महिन्यात वेंगुर्ल्याला गेलो तेव्हा ते उपयोगी पडलं, कारण तिथं सगळंच अदमासे : त्या फणसापाशी वळा, मग पुढे कुणालाही विचारा. एका संध्याकाळी ओटीवर आजीनं विचारलं, खंय इला गो ता तुजा चंदीगड? आजोबा लगेच सरसावले, इंग्रजीत सांग बघू. मी ऐटीत सुरुवात केली, रफली... आजोबांनी मान डोलावली आणि आजीला मराठीत उलगडून सांगितलं, म्हणजे अंदाजे, साधारणपणे.

आजी काजू सोलत होती. तिनं वर न बघता म्हटलं, "साधारण नको माका, नीट सांग. पत्र टाकूचा आसा."