दोन मुठी बाजरी

यंत्रानें माणसाचे कष्ट वांचविले हें खरें. पण वांचलेल्या वेळांत माणूस करतो काय, असा प्रश्न केला तर ज्याचें त्याचें उत्तर निराळें येईल. कोणी बुद्धिबळें खेळतो, कोणी बागेंत माती उकरतो. मी सुटींत केंदुरास जातों आणि जात्यावर बसतों. माझे सहाध्यापक याला विक्षिप्तपणा म्हणतात. त्यांच्या हातीं एकदां खुंटा द्यावा, असें मला फार दिवसांपासून वाटतें.

केंदूर हें शिरूर तालुक्यांतील आमचें गांव. वारकरी मंडळींना तें संत कान्हूराज पाठकांचें म्हणून ठाऊक आहे. हा मुलूख कमी पावसाचा, त्यामुळें इकडची भाकरी बाजरीची किंवा ज्वारीची. बाजरीच्या दाण्यांत स्निग्धांश बराच असतो. म्हणून तिचें पीठ फार दिवस टिकत नाहीं, लवकरच कडवट होतें. घरोघर पहांटे जातें फिरत असे त्या काळीं ही अडचण कोणास जाणवली नसेल. आज लागेल तेवढें आज दळावें, हा जात्याचा नियम दाण्याच्या स्वभावाशीं जुळणारा होता. शिवाय गिरणींतून येणारें पीठ ऊन असतें. जात्याभोंवतीं जमणारें पीठ हाताला गार लागतें.

दळणें ही वाटते तितकी आडदांड क्रिया नव्हे. मूठ मोठी वैरली तर पीठ भरड पडतें. हात आखडला तर दगडावर दगड घासूं लागतो. दोहोंच्या मध्यें एक माप आहे. तें डोळ्यांना दिसत नाहीं, कानाला कळतें. दाणा पुरेसा असला म्हणजे जात्याचा आवाज जड आणि एकसारखा येतो. तो बदलूं लागला कीं डावा हात आपण होऊन सुपाकडे जातो. तीस वर्षें शिकवूनही माझा शब्द विद्यार्थ्यांपर्यंत पोंचला कीं नाहीं, हें मला परीक्षा होईपर्यंत समजत नाहीं. जातें मात्र तत्क्षणीं सांगतें. पाट्याचेंही तसेंच. मिक्सरचें पातें मिरची आणि लसूण कापतें. वरवंटा त्यांना चेंगरतो, आणि चटणी झाली कीं नाहीं हें वाटणाऱ्याच्या तळहाताला आधीं उमगतें.

हें सारें मी एके दिवशीं मोठ्या उत्साहानें काकीला सांगत होतों. तिनें ऐकून घेतलें, खुंट्यावरचा माझा हात जरा खालीं सरकवला आणि म्हणाली, “दळायचं तर दळ बाबा, पण माझ्यापुढं जात्याचं कौतुक नको करूस. गिरणी आली त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली होती.”

तिच्या वाट्याला दोन मुठी बाजरी नव्हती. पंधरा माणसांचें दळण होतें. कोंबडा आरवण्यापूर्वीं ती जात्यावर बसे. दळून उठली कीं घागर, मग चूल, मग शेत. मी दळून उठतों तेव्हां घरांत पाणी भरलेलें असतें, आणि कोणी तरी माझ्यापुढें चहाचा पेला ठेवतें.

विल्यम मॉरिस या इंग्रज कवीनें १८८४ सालीं उपयुक्त काम आणि निरर्थक कष्ट यांतील भेदावर एक व्याख्यान दिलें. चांगल्या कामांत तीन आशा असतात, असें तो म्हणतो : विश्रांतीची आशा, फळाची आशा आणि कामांतच आनंद मिळण्याची आशा. हें व्याख्यान मीं वर्गांत अनेकदां शिकविलें आहे. पण विश्रांतीला त्यानें पहिलें स्थान कां दिलें, हें काकीच्या त्या एका वाक्यानें जितकें स्पष्ट केलें तितकें कोणत्याही टीकाग्रंथानें केलें नाहीं. फळ आम्हां दोघांच्याही हातीं सारखेंच पडलें : पीठच. मी ज्या आनंदाविषयीं बोलत होतों तो तिसऱ्या आशेचा. काकीला पहिलीच कधीं लाभली नव्हती.

गांधीजींनीं १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला आणि हातदळणीच्या पिठाचा पुरस्कार केला. त्याच्या कितीतरी आधीं, जोहान्सबर्ग येथें असतांना, त्यांनीं घरीं हातानें फिरविण्याचें जातें आणलें होतें. आत्मचरित्रांत ते सांगतात कीं तें एकट्याला जड जाई, दोघांना सोपें पडे. बहुधा ते स्वतः, पोलाक आणि मुलें तें फिरवीत, कस्तुरबा कधींमधीं हात लावीत. पिठाच्या गुणांची चर्चा पुष्कळ होते; खुंट्यावर हात कोणाचा, ही गोष्ट त्या चर्चेंत सहसा येत नाहीं. जोहान्सबर्गच्या त्या घरांत तिचें उत्तर मिळतें.

एकाच जात्यानें बायकांना कष्ट दिले आणि बोलावयास जागाही दिली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. सासर-माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल, सारें त्यांत आहे. काकीलाही ओव्या येतात, हें मला ठाऊक होतें. मीं वही काढली. ती म्हणाली, “अशा कशा आठवतील? ओवी जात्याबरोबर येती.”

मग ती होऊन माझ्या समोर बसली आणि खुंट्याला हात घातला. जातें एकदम हलकें झालें. दोन ओव्या तिनें म्हटल्या. तिसरी अर्ध्यावर सोडून, गुडघ्यावर हात टेकीत ती उठली. “गुडघं आता बसू देत न्हाईत. तू आटप,” असें म्हणून ती ओसरीवर उन्हांत जाऊन बसली. सुपांत मूठभर बाजरी उरली होती. ती मीं दळली, आणि मग चहाही मींच ठेवला.